जुने संगणक भंगारात काढण्यापूर्वी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

राज्यातील नगरपरिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती यांच्या कार्यालयांत जुन्या संगणकांचा ढीग वाढत चालला आहे. विंडोज १० साठी नियमित सुरक्षा-सुधारणा पुरवणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले आणि ज्या यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही ती बदलण्याचे प्रस्ताव तयार होऊ लागले. नव्या खरेदीवर सभेत चर्चा होते. जुन्या यंत्रांचे काय करायचे हा विषय मात्र शेवटी भांडारपालाच्या गळ्यात पडतो. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर आम्ही याच विषयाला दिले आहे. पत्र पाठवणारे बहुतेक वाचक सेवेत असल्याने त्यांची नावे व गावे दिलेली नाहीत आणि सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमच्या नगरपरिषदेच्या गोदामात जुने सीपीयू, मॉनिटर आणि प्रिंटर कित्येक वर्षे पडून आहेत. निर्लेखनाचा (वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा) ठराव झाला असून जाहीर लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्यास माल द्यायचा असे ठरले आहे. संगणक दुरुस्तीचे काम करणाऱ्याने सर्व यंत्रे फॉरमॅट करून दिली आहेत. एवढे पुरेसे आहे का?
— भांडार विभागातील लिपिक, मराठवाडा

उत्तर: पुरेसे नाही. फॉरमॅट आणि लिलाव या दोन्ही बाबी आज आहेत त्या स्वरूपात पुढे नेऊ नयेत, अशी आपणास आग्रहाची विनंती आहे.

आधी त्या यंत्रांत काय असते ते पाहू. मालमत्ता कराची आकारणी, नळजोडणीचे अर्ज, जन्म-मृत्यूच्या नोंदी, बांधकाम परवानगीसाठी जोडलेल्या आधार कार्डांच्या प्रती, घरकुल लाभार्थ्यांचे बँक खाते क्रमांक, दिव्यांग निधीसाठी दिलेली वैद्यकीय प्रमाणपत्रे, कर्मचाऱ्यांची वेतन देयके असे सगळे एका साध्या टेबलावरच्या संगणकात सापडते. पोर्टलवर चढवण्यासाठी स्कॅन केलेली प्रत आधी डेस्कटॉपवर ठेवली जाते आणि काम झाल्यावर ती तेथून कोणी काढत नाही. ही कागदपत्रे नागरिकांनी विश्वासाने दिलेली असतात, आणि खरे तर दुसरा पर्यायच नव्हता म्हणून दिलेली असतात. दुकानदाराला माहिती देण्याचे टाळता येते, नगरपरिषदेला देण्याचे टाळता येत नाही. त्यामुळे सभेने ठराव करून यंत्र निर्लेखित केले तरी त्यातील माहितीची जबाबदारी कार्यालयावरच राहते, आणि पुढची प्रत्येक कृती हे लक्षात ठेवूनच ठरवावी लागते.

आता फॉरमॅटविषयी. विंडोजमध्ये एखादी ड्राइव्ह फॉरमॅट करताना जी छोटी खिडकी उघडते, तिच्यात ‘क्विक फॉरमॅट’ या चौकटीत आधीपासूनच खूण केलेली असते. ती खूण तशीच ठेवली, आणि घाईच्या कामात ती तशीच राहते, तर कोणती फाईल कोठे आहे याची नोंद तेवढी जाते. फाईल जागच्या जागी राहते आणि मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ती परत काढता येते. दुसरी अडचण अशी की विंडोज चालू असताना सी ड्राइव्ह फॉरमॅट होत नाही, म्हणून पुष्कळदा डी आणि ई या ड्राइव्ह तेवढ्या पुसल्या जातात. डेस्कटॉप आणि डाऊनलोड्स हे फोल्डर सी ड्राइव्हवर असतात. म्हणजे ज्या दोन जागी कार्यालयाचे सर्वाधिक कागद साठतात त्याच शिल्लक राहतात. आपल्या दुरुस्ती कारागिराने नेमके काय केले, हे त्याला यंत्रागणिक विचारून लेखी घ्यावे.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्ये लिहिली तर ती माहिती परत काढणे व्यवहारात शक्य राहत नाही. तीन वेळा, सात वेळा पुसावे लागते हा समज जुन्या काळातील डिस्कवरून आलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका, जी जगभर प्रमाण मानली जाते, एका पूर्ण फेरीला सर्वसाधारणपणे पुरेसे समजते. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने ५०० जीबीची डिस्क पुसायला दीड तासाच्या आत वेळ लागतो. एका टेबलावर चार यंत्रे लावून कार्यालयीन वेळेत हे काम कनिष्ठ तंत्रज्ञही करू शकतो, त्यासाठी बाहेरच्या संस्थेला मोठी रक्कम मोजण्याची गरज नाही.

एसएसडीचे, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या आणि चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कचे, मात्र तसे नाही. तिच्यातील नियंत्रक माहिती सतत वेगवेगळ्या पेशींत हलवत असतो आणि काही पेशी राखीव ठेवतो, त्यामुळे वरून शून्ये लिहिली तरी राखीव भागात जुनी माहिती राहू शकते. एसएसडीसाठी उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञाच वापरावी लागते. चुंबकीय यंत्राने डिस्क निकामी करण्याची पद्धत एसएसडीवर चालत नाही, कारण तिच्यात चुंबकीय साठवण नसतेच. आणि जी डिस्क चालूच होत नाही, ती पुसताही येत नाही. ‘बंद आहे, त्यात काय सापडणार’ असे म्हणून ती सोडून देणे सर्वांत धोक्याचे, कारण वरची सर्किट पट्टी दुरुस्त केली किंवा बदलली की अशा डिस्क काही वेळा पुन्हा चालतात. बंद डिस्क वेगळ्या पेटीत ठेवून, पुनर्चक्रण करणाऱ्याच्या यंत्रात आपल्या कर्मचाऱ्यासमोर तिचे तुकडे करून घ्यावेत.

पुसण्याचे काम झाल्यावर प्रत्येक दहांतील एखादी डिस्क, ज्याने पुसली त्याच्याऐवजी दुसऱ्याच कर्मचाऱ्याने घेऊन, तिच्यातून काही परत मिळते का ते तपासावे. येथे जडवस्तू संग्रह नोंदवहीतील एक उणीव सांगितली पाहिजे. नोंदवहीत ‘संगणक संच’ अशी नोंद असते आणि कॅबिनेटवर ऑइलपेंटने कार्यालयाचा क्रमांक घातलेला असतो. आतल्या डिस्कचा अनुक्रमांक कोठेच नसतो. त्यामुळे गोदामात पडून असलेल्या सीपीयूमधून कोणी रॅम आणि डिस्क काढून नेली तरी मोजणीत संच पूर्ण भरतो. निर्लेखन समितीने प्रत्येक कॅबिनेट उघडून डिस्कवरील लेबलचा अनुक्रमांक यादीत घ्यावा, लेबलचे छायाचित्र ठेवावे आणि डिस्क सापडली नाही तर ‘डिस्क आढळली नाही’ असे स्पष्ट लिहावे. ही नोंद कोणालाच आवडत नाही, पण ती न करता पुढे जाणे हे नागरिकांशी प्रामाणिक राहणे नव्हे.

राहिला लिलाव. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. परिशिष्टातील १०६ प्रकारच्या वस्तूंपैकी मिळून किमान १,००० नग आर्थिक वर्षात केव्हाही वापरात असलेली संस्था या नियमांत मोठा ग्राहक ठरते. यात संगणक आणि प्रिंटर येतात, तसेच फोन, वातानुकूलन यंत्रे, फ्रिज आणि पाऱ्याचे दिवेही येतात, त्यामुळे मध्यम आकाराची नगरपरिषददेखील सहज या व्याख्येत बसू शकते. मोठ्या ग्राहकाने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यायचा असतो. खुल्या लिलावात सर्वाधिक बोली लावणारा भंगारवाला या तिघांपैकी कोणी नसेल तर त्याला माल देताच येत नाही.

लिलावाला आमचा विरोध नाही. अट मात्र आधी असावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्यांनाच बोलीची मुभा द्यावी. एमएसटीसीसारख्या शासकीय कंपनीच्या ई-लिलावात अशी पात्रता घालता येते. अशा लिलावात रक्कम काहीशी कमी येईल आणि लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतील, ही भीती अनेकांनी पत्रात लिहिली आहे. ठरावातच नियमांचा उल्लेख करून पात्रतेची अट का घातली हे लिहिले, तर त्या आक्षेपाला उत्तर तयार राहते. अनोंदणीकृत खरेदीदाराला जास्त दर परवडतो त्याचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. तो तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळतो, सोन्यासाठी सर्किट पट्ट्या आम्लात बुडवतो आणि उरलेले नाल्यात किंवा नदीकाठी टाकतो. दिल्लीचे सीलमपूर आणि रामगंगेच्या काठचे मुरादाबाद येथे हे वर्षानुवर्षे घडत आले आहे आणि त्या कामावर बायका व मुलेही बसलेली असतात. तो वाचवलेला खर्च त्यांच्या फुप्फुसांतून वसूल होतो. नगरपरिषदेच्या तिजोरीत पडणारे थोडे जास्त पैसे त्यातून यावेत, हे कोणत्याही सभागृहाला मान्य होऊ नये.

प्रश्न: आमच्या ग्रामपंचायतीत मोजून तीन संगणक आहेत आणि त्यांपैकी दोन बंद आहेत. आम्हाला हे नियम लागू होतात का? दोन संगणकांसाठी कोणती कंपनी गावात येणार?
— ग्रामपंचायत अधिकारी, कोकण

उत्तर: मोठा ग्राहक म्हणून आपली ग्रामपंचायत मोजली जाणार नाही, हे खरे. नागरिकांच्या माहितीला मात्र नगांची अशी कोणतीही किमान मर्यादा नाही. नमुना ८ ची आकारणी नोंदवही, घरकुलाची यादी, रोजगार हमीच्या मजुरांची खाती हे सर्व त्या दोन बंद यंत्रांत असू शकते, आणि लहान गावात कोणाच्या खात्यात किती जमा झाले ही माहिती बाहेर जाण्याचे परिणाम शहरापेक्षा जास्त बोचतात.

गावात कोणी येणार नाही ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय तालुक्याच्या पातळीवरच निघू शकतो. पंचायत समितीने वर्षातून एक ठरावीक दिवस जाहीर करावा, सर्व ग्रामपंचायतींनी आपली यंत्रे यादीसह तेथे आणावीत, आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याला एकाच ठिकाणाहून सगळा माल उचलायला बोलवावे. शंभर गावांतून दोन-दोन यंत्रे आली तरी ट्रक भरतो आणि फेरी परवडते. केरळमध्ये राज्य शासनाच्या क्लीन केरळ कंपनीने शाळा आणि शासकीय कार्यालयांतील ई-कचरा अशाच प्रकारे एकत्र गोळा केला आहे. आपल्याकडे जिल्हा परिषदेने मनावर घेतले तर हे अवघड नाही. यंत्र गावातून निघण्यापूर्वी डिस्क पुसलेली किंवा काढून कपाटात कुलूपबंद ठेवलेली असावी. टेम्पोच्या प्रवासात आणि पंचायत समितीच्या व्हरांड्यात ती कोणाच्याही हाती लागू शकते.

आणखी एक गोष्ट आपणास मुद्दाम सांगतो. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन हिशेब प्रणालीवरील देयके सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीने मंजूर होतात. ती स्वाक्षरी असलेले पेनड्राइव्हसारखे टोकन सीपीयूच्या मागच्या बाजूला खोचलेले राहिले आहे आणि त्याचा पिन मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला आहे, असे चित्र ग्रामपंचायतींमध्ये अपवादाने दिसते असे म्हणवत नाही. सरपंच बदलले, अधिकाऱ्यांची बदली झाली, तरी टोकन तेथेच राहते. यंत्र भंगारात काढताना मागची बाजू तपासावी, टोकन ताब्यात घ्यावे आणि पदावर नसलेल्या व्यक्तीचे प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे.

प्रश्न: डिस्क पुसा असे सर्व जण सांगतात. उद्या माहितीच्या अधिकारात कोणी जुनी नस्ती (फाईल) मागितली किंवा लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर ‘पुसून टाकली’ असे उत्तर कसे देणार?
— अभिलेख शाखेतील कर्मचारी, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर: आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण घाईने पुसणे हीदेखील चूकच ठरते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार शासकीय अभिलेख मनाला येईल तसा नष्ट करता येत नाही, आणि संगणकातील अभिलेख हाही अभिलेखच आहे. कागदाच्या नस्तीला आपण जी अ, ब, क, ड अशी वर्गवारी लावतो तीच येथे लावावी. अ वर्गातील अभिलेख कायमचा, ब वर्गातील ३० वर्षे जपायचा असतो, हे अभिलेख कक्षातील प्रत्येकाला ठाऊक असते. फक्त संगणकाच्या फोल्डरला हा नियम लावायचा हे कोणाच्या मनात येत नाही.

व्यवहारात असे करावे. यंत्र ज्या टेबलावर होते त्या टेबलाच्या कर्मचाऱ्याने, आणि तो निवृत्त झाला असेल तर त्याच्या जागी आलेल्याने, शाखाप्रमुखांसमवेत फोल्डर उघडून पाहावेत. मूळ प्रत पोर्टलवर किंवा कागदी नस्तीत आहे याची खात्री झाली तर संगणकातील प्रत ही जादा प्रत ठरते आणि ती पुसण्यास हरकत नाही. जी माहिती फक्त त्याच यंत्रात आहे, उदाहरणार्थ जुन्या प्रणालीत भरलेली कर आकारणी किंवा कधीच न छापलेला मोजमापांचा तक्ता, ती कार्यालयाच्या सर्व्हरवर वर्गवारीप्रमाणे हलवावी आणि हलवलेली फाईल उघडते हे तपासावे. माहिती अधिकाराचे प्रलंबित अर्ज, न्यायालयीन प्रकरणे आणि प्रलंबित लेखाआक्षेप ज्यांच्याशी संबंधित आहेत, ती यंत्रे निर्लेखनाच्या यादीतून तात्पुरती बाजूला काढावीत. यानंतर शाखाप्रमुखांनी ‘या यंत्रातील जतन करावयाचा अभिलेख हलवला आहे’ असा दाखला सहीनिशी दिल्यावरच डिस्क पुसायला पाठवावी. हा एक कागद आपल्या उत्तराचा आधार राहील.

प्रश्न: भंगारात देण्यापेक्षा आमच्या प्रभागातील शाळांना हे संगणक दिले तर मुलांचे भले होईल, असा प्रस्ताव मी मांडला आहे. प्रशासन टाळाटाळ करते. आपले मत काय?
— नगरसेविका, उत्तर महाराष्ट्र

उत्तर: आपला विचार योग्य दिशेचा आहे. संगणकामुळे होणाऱ्या पर्यावरणीय नुकसानीचा मोठा वाटा तो तयार होतानाच पडतो, त्यामुळे चालणारे यंत्र आणखी चार वर्षे वापरात ठेवणे हे त्याचे उत्तम पुनर्चक्रण करण्यापेक्षाही हिताचे असते. विंडोज ११ चढत नाही म्हणून यंत्र निरुपयोगी झाले असे मुळीच नाही. त्यावर लिनक्स उत्तम चालते. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही लिनक्सवर आधारित प्रणाली भारतीय भाषांसह मिळते, आणि केरळमधील शासकीय शाळांचे संगणक शिक्षण बऱ्याच वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर चालते.

तरीही प्रशासनाची टाळाटाळ सर्वस्वी चुकीची म्हणता येत नाही. शाळेला देणगी या नावाखाली बंद पडलेली यंत्रे, तुटके की-बोर्ड आणि काचेचे जाडजूड मॉनिटर वर्गखोलीत आणून टाकल्याची उदाहरणे पाहण्यात आहेत. तसे झाले की नगरपरिषदेचा ई-कचरा शाळेचा होतो, आणि तो उचलायला मुख्याध्यापकांकडे ना निधी असतो ना माणूस. म्हणून प्रस्तावात काही अटी आपण स्वतःच घालाव्यात. डिस्क आधी पूर्ण पुसलेली असावी, शक्य असल्यास नवी लहान एसएसडी बसवावी. प्रत्येक यंत्र काही दिवस चालवून तपासलेले असावे. शाळेने लेखी मागणी केलेली असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्र कायमचे बंद पडल्यावर ते परत नेण्याची जबाबदारी नगरपरिषदेचीच राहील, असे हस्तांतरण पत्रात लिहिलेले असावे. या शेवटच्या अटीवर आपण ठाम राहावे, कारण पहिल्या वर्षी सर्वांचा उत्साह असतो आणि पाचव्या वर्षी शाळेकडे कोणी फिरकत नाही.

प्रश्न: एका संस्थेने आमचा सर्व माल विनामूल्य उचलून नेला आणि ‘डेटा नष्ट केल्याचे प्रमाणपत्र’ दिले. आता आम्ही निश्चिंत राहावे का?
— पंचायत समितीतील अधिकारी, विदर्भ

उत्तर: केवळ त्या कागदाच्या भरवशावर निश्चिंत राहू नये. असे प्रमाणपत्र छापायला काहीच लागत नाही. इंग्लंडमधील दोन प्रकरणे यासाठी अभ्यासण्यासारखी आहेत आणि दोन्ही सार्वजनिक आरोग्य सेवेतील आहेत. सरे येथील आरोग्य संस्थेने जुने संगणक एका कंपनीला दिले. कंपनीने डिस्क विनामूल्य नष्ट करून देण्याचे आणि त्या बदल्यात विकण्याजोगे सुटे भाग ठेवून घेण्याचे कबूल केले होते. पुढे त्यातलाच एक संगणक ऑनलाइन लिलावात एका नागरिकाने विकत घेतला आणि त्यात सुमारे ३,००० रुग्णांची माहिती निघाली, ज्यांत बहुतांश लहान मुले होती. संस्थेकडे लेखी करारच नव्हता. तेथील माहिती आयुक्तांनी २०१३ मध्ये संस्थेला २ लाख पौंडांचा दंड केला. त्याआधी २०१२ मध्ये ब्रायटन येथील रुग्णालय न्यासाला ३ लाख २५ हजार पौंडांचा दंड झाला होता. सुमारे १,००० डिस्क नष्ट करण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्याने त्यांपैकी अडीचशेच्या आसपास डिस्क परस्पर विक्रीस नेल्या होत्या. दोन्ही वेळी दंड माल देणाऱ्या संस्थेला झाला, हे आपल्या कार्यालयाने विशेष ध्यानात घ्यावे.

आपल्याकडेही कायदा त्याच दिशेने चालला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ खालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. माहितीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

आता आपण मागे जाऊनही बरेच करू शकता. त्या संस्थेचे नाव केंद्रीय मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवरील यादीत आहे का, आणि असल्यास पुनर्चक्रण करणारी म्हणून आहे का, ते पाहावे. २०१६ च्या जुन्या नियमांखाली सुटे भाग करणारा किंवा संकलन केंद्र म्हणून मिळालेला परवाना दाखवून माल गोळा करणारे काही जण अजून फिरत आहेत. नव्या नियमांत या दोन वर्गांसाठी वेगळी नोंदणी राहिलेली नाही. संस्थेकडून डिस्कच्या अनुक्रमांकांची यादी, वजनपावती आणि माल प्रत्यक्ष कोणत्या पत्त्यावर गेला याची कागदपत्रे मागावीत. ती यादी तुमच्या यादीशी ताडून पाहावी. यादी मिळत नसेल तर वरिष्ठांना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवणे हिताचे, कारण पुढे काही उघडकीस आले तर आपण वेळीच पाठपुरावा केला होता हे दिसले पाहिजे. आणि यापुढे डिस्क पुसण्याचे काम बाहेर सोपवूच नये. ती कार्यालयात पुसून मगच माल द्यावा, म्हणजे प्रमाणपत्र खरे की खोटे या प्रश्नावर नागरिकांची माहिती अवलंबून राहणार नाही.

प्रश्न: यूपीएसच्या बॅटऱ्या, जुने काचेचे मॉनिटर आणि टोनर यांचे काय करावे? झेरॉक्स यंत्राबाबत काही काळजी घ्यावी लागते का?
— नगरपरिषद कर्मचारी, खानदेश

उत्तर: यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या ई-कचऱ्याच्या नियमांत येत नाहीत, त्यांना बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत. त्या यूपीएसमधून काढून, उभ्या स्थितीत, जमिनीवर लाकडी फळी घालून वेगळ्या ठेवाव्यात आणि नव्या बॅटऱ्या घेताना विक्रेत्याला परत देण्याची अट घालावी. काचेच्या मॉनिटरच्या नळीत शिसे असते आणि जुन्या सपाट पडद्यांमागच्या दिव्यांत पारा असतो, म्हणून ते फोडू नयेत आणि फुटलेले उघड्या हाताने उचलू नयेत. टोनरची रिकामी नळकांडी पिशवीत बांधून ठेवावीत. ती झटकून पाहण्याची सवय श्वसनासाठी वाईट आहे.

झेरॉक्स यंत्राबाबत आपण विचारले हे फार बरे झाले, कारण तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. मोठ्या बहुउपयोगी यंत्रांत हार्ड डिस्क असते आणि स्कॅन केलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. न्यूयॉर्कमधील अॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेने भाड्याची झेरॉक्स यंत्रे डिस्क न पुसता परत केली आणि २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून प्रकरण मिटवावे लागले. भाड्याने घेतलेले यंत्र परत जाताना डिस्क पुसून किंवा काढून देण्याची अट करारात हवी. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्येही डिस्क असते, तिलाही हाच नियम.

प्रश्न: घंटागाडीवाले जुना मोबाइल किंवा चार्जर घेत नाहीत. नागरिकांनी तो कोठे द्यावा? नगरपालिकेची यात काही जबाबदारी नाही का?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर: जबाबदारी आहे. घनकचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पाठवणे आणि ज्याचा उत्पादक सापडत नाही अशा वस्तू गोळा करणे, हे काम नियमांनी शहरी आणि ग्रामीण स्थानिक संस्थांवर सोपवले आहे. पुणे शहरात कचरावेचकांची स्वच्छ ही सहकारी संस्था ठरावीक संकलन मोहिमांतून अशा वस्तू घेते. आपल्या नगरपालिकेने अशी सोय केली नसेल तर लेखी मागणी करावी, आणि मोबाइल देण्यापूर्वी त्यातील खाती काढून तो मूळ स्थितीत आणावा.

प्रश्न: आम्ही आता नवे संगणक घेणार आहोत. पुढच्या वेळी हा त्रास होऊ नये म्हणून खरेदीतच काय करता येईल?
— मुख्याधिकारी कार्यालय, मराठवाडा

उत्तर: सुरुवातीलाच विचारलेत याबद्दल समाधान वाटते, कारण या विषयातील निम्मे काम खरेदीच्या वेळीच होऊ शकते. यंत्र आल्याच्या दिवशीच संपूर्ण डिस्कचे कूटबद्धीकरण (एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय माहिती वाचता येऊ नये अशी सोय) सुरू करावे; विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर असतेच. कूटबद्ध डिस्कची किल्ली नष्ट केली की तिच्यावरची माहिती वाचता येत नाही, आणि पाच-सहा वर्षांनी बंद पडलेल्या डिस्कचीही धास्ती राहत नाही. वापरकाळातील किल्ल्या मात्र एका जबाबदार अधिकाऱ्याच्या ताब्यात, लेखी आणि कुलूपबंद असाव्यात, नाही तर आपलीच माहिती आपल्याला उघडता येणार नाही. डिस्कचा अनुक्रमांक जडवस्तू संग्रह नोंदवहीत पहिल्याच दिवशी घ्यावा. शासकीय खरेदीच्या जेम पोर्टलवर जुन्या वस्तू परत देऊन नव्या घेण्याचा पर्याय असतो; तो निवडताना परत नेलेला माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेल्याचा पुरावा देण्याची अट जोडावी आणि डिस्क आधी पुसावी.

हमीच्या काळात डिस्क बिघडते तेव्हा कंपनीचा अभियंता येतो, नवी बसवतो आणि जुनी घेऊन जातो. काम विनामूल्य झाले म्हणून सर्वांना बरे वाटते, पण न पुसलेली डिस्क कार्यालयाच्या दारातून अशीच उघडपणे बाहेर गेलेली असते आणि तिची नोंदही होत नाही. बिघडलेली डिस्क ग्राहकाकडेच राहील अशी हमी अनेक कंपन्या जादा रकमेत देतात. निविदेच्या तांत्रिक अटींत ती मागावी आणि तिचा खर्च खरेदीच्याच अंदाजपत्रकात धरावा, कारण नंतर त्यासाठी वेगळी तरतूद मिळवणे फार कठीण जाते.